सेफ्टी सुया बनवणाऱ्या कंपन्यांत गुंतवणूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान वाचकांनी पुन्हा पुन्हा पाठवलेल्या प्रश्नांतून तयार झालं आहे. विचारणारे दोन प्रकारचे असतात: शेअर बाजार जाणणारे पण सुई न जाणणारे, आणि रुग्णालयात आयुष्य गेलेले पण ताळेबंद कधी न उघडलेले. म्हणून सुरुवात सुईपासून केली आहे. अमुक शेअर घ्या किंवा विका असा सल्ला इथे मिळणार नाही. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सेफ्टी सुई म्हणजे नेमकं काय? साध्या सुईहून तिच्यात वेगळं काय असतं?

साधी सुई काम झाल्यावरही तेवढीच टोकदार असते, आणि आता तिच्यावर रुग्णाचं रक्त असतं. बऱ्याच दुखापती याच वेळी होतात: टोपण परत लावताना, ट्रेमध्ये ठेवताना, डब्यात टाकताना, चादरीत राहून गेलेली सुई दुसऱ्याच कुणाच्या हाताला लागून. सेफ्टी सुईत टोक झाकायची किंवा आत ओढून घ्यायची सोय सुईतच बसवलेली असते.

प्रकार बरेच आहेत. एकात सुईच्या बुडाशी बिजागरीचं प्लॅस्टिकचं झाकण असतं. त्याच हाताच्या अंगठ्याने ते ढकललं की खट् आवाज होतो आणि सुई त्यात अडकून बसते. दुसऱ्यात एक नळी सुईवर सरकते आणि टोकाशी जाऊन पक्की बसते. तिसऱ्यात दट्ट्या तळापर्यंत दाबून आणखी थोडा जोर दिला की दाबून ठेवलेली स्प्रिंग सुटते आणि सुई, बॉलपेनची रिफील आत जावी तशी, सिरिंजच्या पोटात शिरते. ती रुग्णाच्या अंगातूनच आत जात असल्यामुळे उघडी कधी दिसतच नाही. सलाईनसाठी शिरेत ठेवायच्या काही नळ्यांत, म्हणजे कॅन्युलांत, सुई बाहेर काढताना धातूची एक छोटी क्लिप आपोआप टोकावर बसते.

गुंतवणूकदाराने यातला एक फरक लक्षात ठेवावा. काही साधनांत सुरक्षा चालू करण्यासाठी वापरणाऱ्याला वेगळी कृती करावी लागते, काहींत ती आपोआप होते. गर्दीच्या वॉर्डात ती वेगळी कृती राहून जाते. आपोआप चालणारं साधन म्हणूनच जास्त सुरक्षित असतं, आणि बनवायला सहसा महागही. या धंद्यातली बरीचशी भांडणं या दोन गोष्टींच्या ओढाताणीतून निघालेली आहेत.

२. एकदाच वापरता येणारी ऑटो-डिसेबल सिरिंज म्हणजे हीच का?

नाही. ऑटो-डिसेबल सिरिंजचा दट्ट्या एकदा वापरल्यावर अडकतो किंवा तुटतो, त्यामुळे ती दुसऱ्या रुग्णाला वापरता येत नाही. ती पुढच्या रुग्णाला वाचवते. सेफ्टी सुई वाचवते ती टोचणाऱ्याला आणि कचरा उचलणाऱ्याला. दोन्ही गुण असलेली साधनंही आहेत, पण सगळ्या ऑटो-डिसेबल सिरिंजांत सुई झाकली जात नाही.

बाजारही दोन वेगळे आहेत. १९९९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी यांनी लसीकरणात फक्त ऑटो-डिसेबल सिरिंज वापराव्यात, असं संयुक्त निवेदन काढलं. तिथे खरेदी प्रचंड निविदांतून होते आणि एका नगावर सुटणारा नफा अगदी नाममात्र असतो. सेफ्टी सुईचा मुख्य बाजार श्रीमंत देशांतल्या रुग्णालयांचा. ‘कंपनीला अब्जावधी सिरिंजांची ऑर्डर’ अशी बातमी वाचली की आधी पाहावं, यातल्या कोणत्या सिरिंजा? २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने उपचाराच्या इंजेक्शनांसाठीही पुनर्वापर रोखणाऱ्या सिरिंजांची शिफारस केली.

३. सुई टोचण्याचा धोका खरंच इतका मोठा आहे, की कंपन्या घाबरवतात?

धोका खरा आहे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण संस्थेचा, म्हणजे सीडीसीचा, बराच काळ उद्धृत होणारा अंदाज असा, की तिथल्या रुग्णालयांत वर्षाला सुमारे ३,८५,००० कर्मचाऱ्यांना सुई किंवा तत्सम धारदार वस्तू लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ च्या अहवालात जगातल्या साडेतीन कोटी आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी सुमारे २० लाखांना दरवर्षी अशा दुखापतीतून संसर्गाचा सामना करावा लागतो, असं म्हटलं होतं.

संसर्ग होण्याची शक्यता विषाणूगणिक बदलते. एचआयव्हीबाधित रक्त असलेली सुई लागल्यास ती सुमारे ०.३ टक्के. हिपॅटायटिस बी मध्ये, लस न घेतलेल्याला, ६ ते ३० टक्के. हिपॅटायटिस सी साठी बरीच वर्षं सुमारे १.८ टक्के धरत. नंतरचे अंदाज त्याहून कमी आहेत.

बहुतेकांना संसर्ग होत नाही. पण सुई लागलेल्या प्रत्येकाच्या तपासण्या होतात, गरज असेल तर २८ दिवसांची प्रतिबंधक औषधं द्यावी लागतात, आणि घरी काय सांगायचं हा प्रश्न पुढचे काही महिने डोक्यात राहतो. या सगळ्याचा खर्च कर्मचारी आरोग्य विभागाच्या खात्यात पडतो. सुईचा खर्च पडतो खरेदी विभागाच्या खात्यात. हा तपशील किरकोळ वाटेल, पण प्रश्न ९ चं निम्मं उत्तर त्यात आहे.

४. सेफ्टी सुया कायद्याने सक्तीच्या आहेत म्हणतात. कुठे, कधीपासून?

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९९८ मध्ये पहिला कायदा केला. देशभरासाठीच्या कायद्यावर ६ नोव्हेंबर २००० रोजी सही झाली, आणि त्यानुसार कामगार सुरक्षा खात्याने, म्हणजे ओशाने, आपला रक्तजन्य संसर्गांचा नियम सुधारून एप्रिल २००१ पासून लागू केला. युरोपीय संघाने २०१० मध्ये निर्देश काढला. सदस्य देशांना तो ११ मे २०१३ पर्यंत आपापल्या कायद्यात आणायचा होता.

अमेरिकी नियमात ‘हीच सुई घ्या’ असं कुठेही नाही. रुग्णालयाने दरवर्षी आपली योजना तपासायची, बाजारात आलेली सुरक्षित साधनं विचारात घ्यायची, प्रत्यक्ष रुग्णसेवा करणाऱ्यांचं मत घ्यायचं आणि दुखापतींची नोंदवही ठेवायची, एवढंच बंधन आहे. कायद्याने एक प्रकार बाजारात पक्का केला, एखादी कंपनी नाही. नवीन सुई काढणाऱ्या लहान कंपन्यांच्या भागधारकांना २००१ साली नेमका हाच फरक दिसला नव्हता.

५. सक्ती आहे म्हणजे मागणी वाढतच राहणार ना?

कायद्याने मागणीत उडी येते. तिची पुढची वाढ कायद्यावर अवलंबून नसते. सक्ती लागू होते, रुग्णालयं दोन-चार वर्षांत साध्या सुया सोडून सेफ्टी सुयांकडे वळतात, आणि मग वाढ रुग्णांच्या संख्येइतकीच उरते. कायद्याचा उपयोग झाला यात शंका नाही. अमेरिकी रुग्णालयांतल्या नोंदींच्या अभ्यासात २००१ मध्ये दुखापती सुमारे ३८ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. पण ती घट आणि विक्रीतली उडी एकाच काळातल्या. त्यानंतर कंपन्यांची झुंज एकमेकांचे ग्राहक ओढण्याची असते, म्हणजेच भाव पाडण्याची.

वाढीला जागा तीन ठिकाणी उरते: जिथे सक्ती अजून आलेली नाही असे देश, रुग्णालयाबाहेरची ठिकाणं, म्हणजे दवाखाने, वृद्धाश्रम, घरपोच शुश्रूषा, आणि आधीच औषध भरून येणाऱ्या सिरिंजा व पेन. तिसऱ्या ठिकाणी ग्राहक औषध कंपनी असते, आणि ते गणितच वेगळं (प्रश्न ६).

नियमाला अपवादही आहेत. एखाद्या प्रक्रियेसाठी योग्य सेफ्टी साधन उपलब्धच नसेल, किंवा ते वापरल्याने रुग्णाला धोका होत असेल, तर साधी सुई चालते. शिवाय ओशाचा नियम नोकरीवरच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. घरी स्वतःला इन्सुलिन टोचणाऱ्याला तो लागू नाही. ‘एकूण इतक्या अब्ज सुया विकल्या जातात, त्या सगळ्या आमचा संभाव्य बाजार’ असं सादरीकरणात दिसलं तर त्या आकड्यातून हे अपवाद वजा करून पाहा.

६. या धंद्यात नेमक्या कोणत्या कंपन्या आहेत?

सगळ्यात मोठी बेक्टन डिकिन्सन, म्हणजे बीडी. न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदलेली. सुया, सिरिंजा, कॅन्युला, रक्त घेण्याच्या नळ्या, सगळ्यांत तिचा हात. अमेरिकेतच कार्डिनल हेल्थ आहे, जिने २०१७ मध्ये मेडट्रॉनिककडून मोनोजेक्ट या सुया-सिरिंजांच्या ब्रँडसह बराच पसारा विकत घेतला. आणि आयसीयू मेडिकल, जिने जानेवारी २०२२ मध्ये स्मिथ्स मेडिकल घेतली. जपानच्या टेरुमो आणि निप्रो टोकियोत नोंदलेल्या, चीनची शानडोंग वेइगाओ हाँगकाँगला. भारतात पॉली मेडिक्युअर शेअर बाजारात आहे. हिंदुस्तान सिरिंजेस खासगी आहे. जर्मनीची बी. ब्रॉन एवढी मोठी, पण कुटुंबाच्या मालकीची, त्यामुळे तिचा शेअर मिळत नाही.

टेक्सासची रिट्रॅक्टेबल टेक्नॉलॉजीज ही जवळजवळ फक्त सेफ्टी सिरिंजांवर जगणारी छोटी नोंदणीकृत कंपनी. तिच्याबद्दल सगळ्यात जास्त पत्रं येतात, म्हणून तिला वेगळा प्रश्न दिला आहे (प्रश्न ८).

याशिवाय एक तिसरी फळी आहे. जर्मनीची गेरेसहायमर, इटलीची स्टेवानाटो, अमेरिकेची वेस्ट फार्मास्युटिकल: या औषध कंपन्यांना सिरिंजा, रबरी बूच, सुरक्षा कवचं पुरवतात. औषधाला मंजुरी मिळताना त्याचं पॅकिंगही कागदपत्रांत नोंदलं जातं, त्यामुळे पुरवठादार बदलणं किचकट असतं आणि ग्राहक टिकून राहतात. माझ्या मते या विषयातली सगळ्यात दुर्लक्षित बाजू हीच आहे, कारण या कंपन्या स्वतःला ‘सेफ्टी सुई कंपनी’ म्हणवून घेत नाहीत.

७. मोठ्या कंपनीत सुयांचा वाटा थोडा असतो. मग त्यात अर्थ काय?

प्रश्न रास्त आहे. बीडीची वार्षिक विक्री २०२४ च्या आर्थिक वर्षात सुमारे २० अब्ज डॉलर होती. त्यात औषध देण्याचे पंप होते, निदानाची यंत्रं होती, शस्त्रक्रियेचं साहित्य होतं. एखादी सेफ्टी सुई कितीही गाजली तरी शेअरचा भाव तिच्यामुळे हलणार नाही. पंपांवरच्या नियामकाच्या आक्षेपाने मात्र तो हलला आहे. बीडीने मधुमेहाचा विभाग एप्रिल २०२२ मध्ये एम्बेक्टा नावाने वेगळा केला, तेव्हा पेन सुयांचा बराच धंदाही बाहेर गेला.

म्हणजे मोठी कंपनी घेणारा सुईवर पैज लावत नाही, तो रुग्णालयांच्या एकूण खर्चावर लावतो. सलग ५० हून अधिक वर्षं लाभांश वाढवत आलेली कंपनी हवी असेल तर बीडीचं नाव निघतं. सेफ्टी सुयांची भरभराट हवी असेल तर नाही.

८. रिट्रॅक्टेबल टेक्नॉलॉजीजचा शेअर २०२१ मध्ये एवढा वर का गेला, आणि खाली का आला?

थॉमस शॉ या अभियंत्याने स्थापन केलेली ही कंपनी व्हॅनिशपॉइंट ही आत ओढल्या जाणाऱ्या सुईची सिरिंज बनवते. कोविडपूर्वी तिची विक्री वर्षाला सुमारे ४.२ कोटी डॉलरची होती आणि शेअर एक-दीड डॉलरच्या घरात रेंगाळत होता.

मे २०२० मध्ये अमेरिकी आरोग्य खात्याने लसीकरणासाठी तिला सुमारे ८ कोटी ३८ लाख डॉलरची ऑर्डर दिली. जुलैमध्ये देशातली उत्पादनक्षमता वाढवण्यासाठी वेगळे ५ कोटी ३७ लाख डॉलर मंजूर केले. विक्री २०२० मध्ये सुमारे ८.२ कोटी, २०२१ मध्ये सुमारे १८.८ कोटी झाली. शेअर वीस डॉलरच्या आसपास गेला.

पुढचं तिच्या जाहीर आकड्यांतच दिसतं: २०२२ मध्ये सुमारे ९.५ कोटी, २०२३ मध्ये सुमारे ४.४ कोटी. म्हणजे जवळपास जिथून निघाली तिथे. भावही त्याच वाटेने खाली आला.

यात कंपनीने कुणाला फसवलं नाही. ऑर्डर सरकारी होती, एकदाची होती, हे तिच्या कागदपत्रांत लिहिलेलं होतं. चुकलं ते बाजाराचं गणित: एका साथीची विक्री कायमची धरून तिला ‘नफ्याच्या इतक्या पट भाव’ हा नेहमीचा हिशेब लावला गेला. आणि लसीकरणाची ऑर्डर संपल्यावर रुग्णालयांच्या रोजच्या खरेदीत तिचा वाटा काही वाढला नाही. तो का वाढत नाही, हे पुढच्या प्रश्नात.

९. सुई खरंच चांगली असेल तर रुग्णालयं ती का घेत नाहीत?

कारण टोचणारी नर्स आणि ऑर्डर देणारा माणूस वेगळे असतात. नर्सच्या हाताची किंमत तिला माहीत असते. खरेदी विभागापुढे नगाची किंमत असते. शेकडो प्रकारच्या वस्तूंच्या यादीत सुई ही एक ओळ, आणि त्या ओळीत नगामागे काही सेंट वाढले तर वर्षाअखेरीस मोठी रक्कम दिसते. टळलेली दुखापत कोणत्याच ओळीत दिसत नाही.

त्यावर अमेरिकेतली खास व्यवस्था म्हणजे घाऊक खरेदी गट. बहुतेक रुग्णालयं अशा गटांची सभासद असतात; गट पुरवठादारांशी करार करतो, रुग्णालय त्या करारातून माल घेतं. गटाला पैसे मिळतात ते पुरवठादाराकडून, विक्रीच्या काही टक्के शुल्क म्हणून. आरोग्य सेवेत अशी देणी एरवी लाच ठरू शकतात, पण १९८६ मध्ये संसदेने खरेदी गटांना त्यातून सूट दिली. करारांत अनेक वस्तू एकत्र बांधलेल्या असतात: सगळं एकाच कंपनीकडून घेतलं, ठरलेला टक्का गाठला, तर सवलत. रुग्णालयाने फक्त सुई दुसरीकडून घ्यायची ठरवली तर बाकीच्या मालावरची सवलत हातची जाऊ शकते. एकच वस्तू बनवणारी छोटी कंपनी या खेळात कितीही स्वस्त झाली तरी ती तूट भरून देऊ शकत नाही.

या व्यवस्थेचं समर्थन करणारे म्हणतात की तिच्यामुळे रुग्णालयांचा खर्च वाचतो, आणि काही वस्तूंत तो वाचतोही. मला मात्र विकणाऱ्याने खरेदीदाराच्या प्रतिनिधीला पैसे द्यायचे ही रचनाच पटत नाही. गुंतवणूकदाराला पटो न पटो, ती आहे असं धरूनच हिशेब करावा लागतो. नवीन सुईचं प्रात्यक्षिक पाहून भारावण्याआधी एक विचारा: कोणत्या खरेदी गटाच्या करारात ती आहे, एकटी आहे की इतर दोघांबरोबर, आणि करार कधी संपतो?

१०. खटला जिंकला की भरपाईचा पैसा येईल, म्हणून शेअर घ्यावा का?

रिट्रॅक्टेबल आणि बीडी यांची कोर्टातली लढाई पाहिली की या प्रश्नाचा उत्साह ओसरतो. स्पर्धा मारल्याच्या पहिल्या दाव्यात बीडीने २००४ मध्ये १० कोटी डॉलर देऊन तडजोड केली. तो पैसा खरा होता. दुसऱ्या फेरीत २०१३ मध्ये ज्युरीने ११.३५ कोटी डॉलरचा निकाल दिला, स्पर्धाविषयक कायद्यानुसार तो तिप्पट होऊन सुमारे ३४ कोटी झाला. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायालयाने स्पर्धेचा मुद्दाच फेटाळला आणि भरपाई गेली. ‘जगातली सगळ्यात तीक्ष्ण सुई’ अशा धर्तीच्या खोट्या जाहिरातींचा ठपका बीडीवर कायम राहिला, पण त्यापोटी वादीच्या हाती नफ्यातला हिस्सा काही पडला नाही.

छोट्या कंपनीसाठी ३४ कोटी म्हणजे अनेक वर्षांची विक्री. ते ताळेबंदात आलेले धरून ज्यांनी भाव दिला ते अडकले. अपिलाची मुदत संपेपर्यंत निकालाची किंमत शून्य धरणं सोयीचं.

११. पेटंट असेल तर कंपनी सुरक्षित ना?

पेटंटची मुदत साधारण अर्ज केल्यापासून २० वर्षं. सेफ्टी सुयांची सुरुवातीची महत्त्वाची पेटंटं १९८० आणि १९९० च्या दशकांतली, म्हणजे संपलेली. शिवाय टोक झाकायच्या रीती इतक्या आहेत, की एक पेटंट चुकवून दुसरी वाट काढता येते. त्यामुळे इथे पेटंटपेक्षा मोठा आडोसा म्हणजे कोट्यवधी नग एकसारखे, निर्जंतुक आणि स्वस्त काढणारी यंत्रं.

१२. वार्षिक अहवालात नेमकं काय पाहायचं?

अध्यक्षांचं पत्र शेवटी वाचा. आधी या जागा उघडा.

निव्वळ विक्रीवरची टीप. वितरक माल छापील भावाने उचलतो, रुग्णालयाला कराराच्या कमी भावाने विकतो आणि फरक कंपनीकडे मागतो. म्हणजे विक्री नोंदवताना किती सवलत परत जाईल याचा अंदाज कंपनीला आधीच करावा लागतो. हा अंदाज थोडा सैल धरला की या तिमाहीची विक्री फुगते आणि पुढची पडते. तरतुदीचा आकडा दरवर्षी विक्रीच्या किती टक्के आहे, एवढं मांडून पाहा. मध्येच घसरला तर का, हे विचारा.

मोठ्या ग्राहकांची यादी. एक-दोन वितरकांवर अर्धी विक्री असणं या धंद्यात नवल नाही. पण त्या वितरकांच्या गोदामात माल साचला तर कंपनीची विक्री एका वर्षी चांगली आणि दुसऱ्या वर्षी गायब, असं होतं.

उत्पादन कुठे होतं (प्रश्न १३). नग किती विकले आणि सरासरी भाव काय. कंपनी हे देत नसेल तर विक्री वाढली ती भावाने की संख्येने, हे कळत नाही. मालसाठा किती साचला आहे, कारण निर्जंतुक मालावर मुदत छापलेली असते. शेअरची एकूण संख्या पाच वर्षांत किती वाढली, आणि प्रेफरन्स शेअरवर (ज्यांना लाभांश आधी द्यावा लागतो ते) लाभांश थकला आहे का. माल परत बोलावल्याच्या नोंदी.

आणि एक कमी पाहिली जाणारी ओळ: इतर उत्पन्न. कोविडच्या पैशातून एखाद्या कंपनीने दुसरे शेअर घेऊन ठेवले असतील, तर निव्वळ नफा त्यांच्या चढउताराने नाचतो आणि सुयांचं खरं चित्र झाकून जातं. अशा वेळी चालू धंद्याचा नफा वेगळा काढूनच तुलना करा.

१३. चिनी मालावरचं आयात शुल्क कुणाच्या पथ्यावर पडतं?

नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय साधनं तपासणाऱ्या एफडीएने चीनमध्ये बनलेल्या प्लॅस्टिक सिरिंजांतली गळती, तुटणं आणि इतर दोषांबद्दल सावध केलं; मार्च २०२४ मध्ये काही उत्पादकांच्या सिरिंजा ताबडतोब थांबवायला सांगितलं. २७ सप्टेंबर २०२४ पासून चिनी सुया-सिरिंजांवर १०० टक्के शुल्क लागलं.

‘मग अमेरिकन कंपनीचा फायदा’ असा निष्कर्ष लगेच निघतो, आणि तिथेच गफलत होते. कंपनी अमेरिकन असली तरी माल चीनमध्ये बनत असू शकतो. रिट्रॅक्टेबलचा बहुतेक माल अनेक वर्षं चीनमधल्या कारखान्यातून येत असे. शुल्कामुळे तिला उत्पादन टेक्सासकडे हलवावं लागलं, आणि हलवाहलवीचा खर्च विक्री मंदावलेली असतानाच अंगावर आला. ज्यांचे कारखाने आधीपासून अमेरिकेत, मेक्सिकोत किंवा युरोपात होते त्यांना वाव मिळाला. शुल्काचे दर सरकारच्या एका आदेशाने बदलतात, म्हणून त्यावर उभं केलेलं गणित वर्षभरापलीकडे ताणू नका.

१४. सुईविना इंजेक्शन आणि गोळ्या आल्या तर हा धंदा बुडेल का?

नजीकच्या काळात नाही. रक्त काढणं आणि शिरेतून औषध देणं यांना सुई लागतेच, आणि नवी जैविक औषधं बहुधा पोटातून घेता येत नाहीत. काही इंजेक्शनांची जागा गोळ्या घेतील. तो फटका पेन सुया बनवणाऱ्यांना आधी बसेल.

१५. मी स्वतः रुग्णालयात नर्स आहे. कोणती सुई चांगली हे मला कळतं. त्याचा उपयोग होईल का?

होईल, पण मर्यादेत. नियम लागू असूनही वॉर्डात सुरक्षा चालू न करता सुया डब्यात पडतात का, झाकण बसवायला दोन हात लागतात का, सुई बोथट म्हणून रुग्ण ओरडतात का: हे कुठल्याही विश्लेषकाच्या अहवालात नसतं. फक्त तुमचं रुग्णालय म्हणजे बाजार नव्हे, आणि प्रश्न ९ मध्ये म्हटल्याप्रमाणे चांगली सुई म्हणजे विकली जाणारी सुई असंही नाही.

एक अडचणीची बाब आहे. तुम्ही साधनं निवडणाऱ्या समितीवर असाल आणि अमुक कंपनीला मोठा करार मिळणार हे जाहीर होण्याआधी तुम्हाला कळलं, तर त्या माहितीवर शेअर घेणं अंतर्गत माहितीचा गैरवापर ठरू शकतं. करार न होताही एक प्रश्न उरतोच: ज्या कंपनीचे शेअर तुमच्याकडे आहेत तिच्या सुईला मत देणं हा हितसंबंधांचा संघर्ष आहे. समितीला आधी सांगा किंवा त्या बैठकीतून बाजूला व्हा.

१६. हा ‘नैतिक गुंतवणुकी’चा निखळ पर्याय मानावा का?

निखळ नाही. बऱ्याच सुया-सिरिंजा इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक करतात. हा वायू कर्करोगकारक आहे, आणि कारखान्यांशेजारी राहणाऱ्यांच्या तक्रारींवरून अमेरिकेत मोठे वाद झाले आहेत. मार्च २०२४ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेने निर्जंतुकीकरण केंद्रांसाठी कडक नियम काढले. एकदा वापरून टाकायच्या प्लॅस्टिकचा ढीग आहेच. नर्सचा हात वाचतो आणि शेजारच्या वस्तीची हवा बिघडते, हे दोन्ही एकाच कंपनीच्या खात्यात असू शकतं. तुमच्या कसोटीत कशाला किती वजन, ते तुम्हीच ठरवा.

१७. ‘क्रांतिकारी सिरिंज’ काढणारी नवी छोटी कंपनी आहे. मोठा करारही जाहीर झालाय. आता तरी?

युनिलाइफची आठवण काढा. आत ओढल्या जाणाऱ्या सुईची, आधीच औषध भरता येणारी काचेची सिरिंज तिने बनवली. सनोफीसारखी औषध कंपनी तिची भागीदार होती. ऑस्ट्रेलियातून ती अमेरिकेत आली, तिथल्या नॅस्डॅक शेअर बाजारात नोंदली गेली, पेनसिल्व्हेनियात मोठा कारखाना बांधला. एप्रिल २०१७ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. तंत्र चालत होतं. करारापासून प्रत्यक्ष विक्रीपर्यंतची वर्षं काढायला लागणारी रोकड संपली. म्हणून जाहीर झालेल्या कराराची रक्कम न पाहता ती कोणत्या टप्प्यावर, कशाच्या अटीवर मिळणार, आणि तोवर कंपनीकडे किती महिन्यांची रोकड आहे, हे पाहा. उत्तर वर्षाच्या आत असेल तर नवे शेअर निघणार आणि तुमचा हिस्सा पातळ होणार हे गृहीत धरा.

१८. कंपनी दुसऱ्या कुणी विकत घेतली, किंवा तिने धंदाच बदलला तर?

पहिलं झालं तर बहुधा भागधारकाचं भलंच होतं. या क्षेत्रातल्या छोट्या कंपन्यांत पैसा मिळाल्याच्या ज्या गोष्टी आहेत त्यातल्या बऱ्याच अशाच: मेड-डिझाइन २००६ मध्ये स्पेशलाइज्ड हेल्थ प्रॉडक्ट्समध्ये विलीन झाली, ती २००८ मध्ये सी. आर. बार्डने घेतली, आणि बार्ड २०१७ च्या अखेरीस बीडीने. सुई मोठ्याच्या घरात गेली की तिला खरेदी गटांची दारं उघडतात, म्हणून मोठा जास्त किंमत देऊ शकतो. मात्र कधी कुणी घेईल या आशेवर भरलेला भाव वाट पाहण्यातच विरतो.

दुसरं ऐकायला विचित्र, पण घडलेलं आहे. सुरक्षित सिरिंजांसाठी २०२२ मध्ये नॅस्डॅकवर आलेल्या शार्प्स टेक्नॉलॉजीने २०२५ मध्ये सोलाना या क्रिप्टोचलनाचा साठा करण्याची योजना जाहीर केली आणि त्यासाठी मोठं भांडवल उभारलं. नाव तेच, शेअर बाजारातलं चिन्ह तेच, पण शेअर आता कशावर हलणार हे पूर्ण बदललं. सेफ्टी सुयांची यादी बनवून वर्षानुवर्षं न उघडणाऱ्यांनी निदान प्रत्येक वार्षिक अहवालातलं ‘व्यवसाय’ हे पहिलं प्रकरण वाचावं.